ढगाळ दिवसाचं बोलावणं

दि. २१ जानेवारी

चि. धाकट्यास,

दादाचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा आता वाकतो. आईनं तुझ्यासाठी विणलेला स्वेटर झाला. बाह्या आखूड झाल्यात. तिच्या मनात तू अजून शाळेतच आहेस.

सोमवारी सकाळी मी न बोलावता तुझ्या कारखान्यावर आलो म्हणून तू रागावलास. आता माझा राग ऐक.

त्या दिवशी उठल्यावर नेहमीसारखे सूर्याला हात जोडले. आभाळ स्वच्छ होतं. मागच्या खेपेला कॅमेऱ्याचा स्टँड तुमच्याकडे विसरलो होतो आणि रखवालदारानं तो मागच्या फाटकाशी ठेवला होता. तो आणायला निघालो. सूर्याला नमस्कार करायचा आणि मग त्याच्याकडे पाठ करून धुराचे फोटो काढायचे, हीच माझी प्रदूषण कार्यालयातली नोकरी. तू हसायचास, "देवाकडे पाठ करण्याचा पगार घेणारा तू एकटाच, दादा!" धुराआडून मागचं किती दिसतं, त्यावरून फोटोत त्याचा दाटपणा मोजतात. मागे काही गडद असलं, तर पांढरा धूर लपत नाही.

मागच्या फाटकाशी मान वर केली. धुराड्यामागे डोंगराची काळी कडा, आणि तिच्यावर कुणी चुन्याची बादली उपडी करावी तसा धूर. कॅमेरा गळ्यातच होता. नियमात चालतो त्याच्या तिप्पट दाट धूर फोटोत निघाला.

तू धावत आलास. "दादा, तुझी खुर्ची पुढच्या फाटकाशी आहे ना?"

"ती तिथे का आहे रे?"

"सावली असते तिथे."

"ढगाळ दिवशी सावली?"

तू आवाज खाली आणून म्हणालास, "खोटा फोटो काढ असं मी कधी म्हटलं? तू फक्त उभा कुठे राहतोस एवढंच. आणि हा धूर जातो त्या खालच्या घरांत आपलं कोण राहतं?"

शाळेच्या चुना दिलेल्या भिंतीवर तू खडूनं गुरुजींचं टोपणनाव लिहायचास, आठवतं? गुरुजी समोरून जायचे, त्यांना काही दिसायचं नाही. मी पोट धरून हसायचो. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही हे तुला तेव्हापासून ठाऊक. पुढच्या फाटकावरून धुराड्यामागे नुसतं आभाळ. तेही तू ढगाळ निवडायचास.

मागे काय हवं याचा नियम मला तोंडपाठ आहे. तरी मी त्या खुर्चीत बसलो, कारण ती तू मांडली होतीस. "दादा, उन्हात कशाला करपतोस? आज आभाळ भरलंय, आज ये." वर्षानुवर्षं हाच फोन. मी तुझ्या वहिनीला सांगायचो, बघ, साहेब झाला तरी भावाची काळजी करतो. आता ते आठवलं की अंगाची आग होते. आईच्या आजारपणात कडक ऊन होतं. तेव्हा तुझा फोन आला नाही.

त्या खालच्या घरांतल्या एका आजींनी मला एकदा पाणी दिलं होतं. ग्लास पदरानं दोनदा पुसला, तरी कडेला पांढरी भुकटी राहिलीच. म्हणाल्या, "तुमच्या फोटोत आमचा धूर येतो का हो?" मी छाती फुगवून म्हणालो, "सगळं येतं, आजी." त्या बाईशी मी तोंडावर खोटं बोललो, तुझ्यामुळे!

निघताना तू ऐकवलंस, "जुन्या फोटोंवर सही तुझी आहे. बुडालो तर दोघं बुडू." खरं आहे. दोन दिवस देवापुढे बसलो. त्यानं काही सांगितलं नाही. त्यानं सांगावं असं काही उरलंच नव्हतं.

आज सकाळी कार्यालयात जाऊन सोमवारचे फोटो दिले. खुर्चीतून काढलेले सगळे रद्द करा, चूक माझी आहे, असं लिहून दिलं. खुर्ची कुणी मांडली हे त्यांनी विचारलं. तुझं नाव सांगून आलोय.

स्वेटर सोबत धाडतो आहे. आईला यातलं काही ठाऊक नाही. फोन करावासा वाटला, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी कर.

तुझा,
दादा