सध्या लघवी कंपनीची आहे

५ ऑक्टोबर, रविवार

डायरी सुरू. बियाण्याच्या दुकानदाराने दिलेली आहे, गेल्या वर्षीची, त्यामुळे छापलेले वार चुकतात. खोडून लिहीन. परमनंट माणसाला डायरी लागते.

कारण असं की वाड्याच्या बाजूची एक कंपनी जव्हारहून कामगार न्यायला बस सुरू करतेय. ड्रायव्हर एकच पाहिजे. वर्दी, फंड, रविवारी सुट्टी. मी जव्हार-मोखाडा रोडवर जीप चालवतो ती टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं आणि पुढे मांडीवर कोंबडी घेतलेली म्हातारी, अशी. बसमध्ये म्हणे सगळ्यांना सीट असते. मग राहिलं काय चालवायला?

सुनिताला सांगून टाकलं, यंदा वीटभट्टी बंद. दरवर्षी दिवाळी झाली की बायको आणि पोर सासऱ्यांच्या बिऱ्हाडाबरोबर वसईकडे जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. प्रतिक्षाची शाळा मधल्यामध्ये बुडते. यंदा प्रतिक्षा वार्षिक परीक्षा आमच्या साखरशेतच्या शाळेतच देणार. शब्द दिला. सुनिता म्हणाली, आधी नोकरी तर लागू दे. बाईमाणसाला लांबचं दिसत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

ट्रायल झाली. घाटात बस अशी उतरवली की शेजारी बसलेल्या साहेबांनी डोळेच मिटून घेतले. विश्वास बसला की माणूस डोळे मिटतो.

माझा नंबर पहिला, उमेशचा दुसरा. उमेश म्हणजे आमच्याच रूटवरचा दुसरा जीपवाला. माणूस चांगला आहे, पण संध्याकाळनंतर सापडत नाही, आणि सापडला तर उभा नसतो.

ऑफिसातल्या दिपिका मॅडम म्हणाल्या, आता फक्त मेडिकल राहिलं, दिवाळी झाली की बोलावू. लघवी तपासणार. कोण नशा करतो ते त्यात कळतं म्हणे.

स्टँडला येईपर्यंत प्लॅन तयार. मोहाची दारू बंद. ताडी बंद. आजपासून. तंबाखू चालू, कारण ती नशा नाही, सवय आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार, पहाटे

झोप नाही. कालही नव्हती, परवाही नव्हती. संध्याकाळी अर्धा ग्लास घेऊन पडणारं शरीर, त्याला आता कळेना कधी निजायचं. सुनिता म्हणाली, तू निजत नाहीस तर निदान मला तरी निजू दे. बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कुत्र्याने सरकून जागा दिली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जव्हार स्टँडजवळ गोदीमावशीची खाणावळ आहे. मावशीने माझे डोळे बघितले आणि विचारलं, घरात कोण गेलं काय रे. सगळं सांगितलं. म्हणाली, रोज रात्री खसखशीची खीर खा, माझा नवरा जन्मभर त्यावर झोपला. खसखस भिजवायची, वाटायची, दूध-गूळ घालून शिजवायची. पुडीही बांधून दिली तिने.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सुनिताने खीर केली. खाल्ली आणि पडलो. कोंबडा ओरडून ओरडून दमला तरी उठलो नाही. मोखाड्याची पहिली फेरी चुकली, पण उपाय सापडला. औषध नाही, गोळी नाही, घरचं खाणं. दारू सोडून दूध धरलेला ड्रायव्हर कंपनीला शोधून सापडायचा नाही. रोज खाणार.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वाघबारस. वाघदेवाला मोहाची धार, मला दूध. देव पण माझ्याकडे बघत होता.

२६ ऑक्टोबर, रविवार

मेहुण्याची, चंदूची, सोयरिक. मुलगी मोखाड्याकडची. आमच्याकडे बोलणी झाली की मोहाची पहिली धार भुईवर सोडतात, मग दोन्हीकडची माणसं एकाच पेल्यातून घोट घोट घेतात. सगळ्यांचं तोंड लागलं की शब्द पक्का. पेला फिरत फिरत माझ्यापाशी आला. मी हात जोडले. सासरे, तुका, म्हणाले, घोटभर घे, रीत आहे. मी म्हणालो, थेंबही नाही, सध्या माझी लघवी कंपनीची आहे.

मुलीचा बाप उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आम्हाला त्यांच्या हातचं चालत नाही. मी नीट समजावून सांगायला लागलो की लघवी आधी जव्हारला देतात, मग नाशिकला जाते, तिथे मशीन आहे. दोन म्हाताऱ्या ताटावरून उठल्या. शेवटी उमेश पुढे झाला. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता, जेवायला म्हणून आला होता. माझ्या वाटणीचं त्याने घेतलं आणि एकदाचा शब्द पक्का झाला.

सासरे माझ्याशी बोलेनात. मोठ्या कामात नाती थोडी ताणतातच. ऑर्डर हातात पडली की येतील लायनीवर. घरी येऊन खीर खाल्ली, डबल.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मेडिकल. लॅबच्या भारती मॅडमनी विचारलं, औषध, गोळी, खोकल्याचं सिरप, काही चालू आहे का. छाती काढून सांगितलं, काही नाही, रात्री दूध पितो. डबी भरून दिली. पिवळी, स्वच्छ, प्रामाणिक.

माझ्यामागे उमेश. आदल्या रात्रीच्या दारूचा त्याच्या तोंडाला इतका वास येत होता की मी दार उघडून ठेवलं. वाईट वाटलं. पोरं लहान आहेत त्याची. म्हटलं, माझ्या बसवर क्लीनर लागला तर तुझं नाव सांगतो. तो बिचारा थँक्यू म्हणाला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दिपिका मॅडमचा फोन. तुमची पॉझिटिव्ह आहे. मी म्हणालो, थँक्यू मॅडम, कधीपासून येऊ. त्यांनी माझं नाव परत विचारून घेतलं. मग म्हणाल्या, अफू निघाली.

अफू मी सिनेमातसुद्धा नीट बघितलेली नाही.

उमेश निगेटिव्ह.

१ नोव्हेंबर, शनिवार

भारती मॅडमकडे भांडायला गेलो. त्यांनीच उलट विचारलं, रात्री नुसतं दूध पिता की आणखी काही. खीर म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, खसखस आणि अफू एकाच बोंडातली. दाण्याला जराशी लागलेली राहते, तेवढी पुरते. लघवीत बुडवायच्या पट्टीला फक्त अफू आहे एवढं कळतं. खिरीतून आली की खिशातून, ते तिला कळत नाही. नाशिकच्या मोठ्या मशीनलाही तेच दिसलं, कारण पोटात गेलेलं खरंच ते आहे.

आणि उमेश, मी विचारलं. त्या म्हणाल्या, कंपनीने ज्या नशा बघायला सांगितल्या त्यात दारू नाहीच.

म्हणजे मी जे सोडलं ते कुणी विचारलंच नव्हतं. सासरे तुटले ते फुकट.

भारती मॅडमनी खिरीचं कंपनीला कळवलं. दिपिका मॅडम म्हणाल्या, सापडलेल्या प्रत्येकाने काहीतरी खाल्लेलंच असतं. तरी माझं तोंड बघून एक चान्स दिला, सहा तारखेला.

रात्री विचार केला. खिरीचं मला काही पटत नाही. खसखस अनारशावर असते, मटणाच्या मसाल्यात असते. मग काय दिवाळीत सगळा जव्हार अफूबाज? मावशीचा नवरा जन्मभर खाऊन गेला तो विंचू चावून. मशीनमध्येच काहीतरी अडकलं असणार. खीर चालू ठेवतो. झोप झाली तर डोकं चालेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डोकं चाललं. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला की काय करतो? धुतो. सकाळपासून पाणी. विहिरीवर उभ्या उभ्या कळशी संपवली, बायका हंडे बाजूला ठेवून बघत होत्या. जव्हारपर्यंत प्रत्येक वळणावर जीप थांबवली. अर्ध्या वाटेत लोक उतरून चालायला लागले, म्हणाले, आम्ही पुढे होतो, तू ये निवांत.

डबी दिली. पलीकडचं दिसत होतं. आता काय सापडेल ते सापडू दे.

१० नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट: नमुना पातळ, धरता येत नाही. भारती मॅडम म्हणाल्या, लघवीत लघवी हवी तेवढी नाही. दिपिका मॅडम म्हणाल्या, पाणी ढोसून लपवायला बघितलंत. पहिल्यात निघालं म्हणून दोष, दुसऱ्यात काही निघालं नाही म्हणून जास्त दोष. मी करू काय? रडकुंडीला येऊन विनवलं. सतरा तारखेला शेवटचा चान्स. तोवर बसवर उमेश, टेम्पररी.

सासऱ्यांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला: देवाची मोहाची याला नको, आणि घरात बसून अफू खातो. सुनिता ऐकून चुलीपाशी बसून राहिली. खीर ती करायची ना रोज. म्हणाली, मीच माझ्या हाताने घालवली तुझी नोकरी. मी म्हटलं, तुझा काही दोष नाही, मशीनचा आहे. ती म्हणाली, मशीन कुठे रे खीर करायला आलं होतं. फार वाईट वाटलं.

आजपासून खीर बंद.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खीर बंद, मोहाची बंद, म्हणून झोपही बंद. आज मोखाड्याच्या अलीकडे वळणावर डोळा लागला. जीप कापलेल्या भाताच्या खाचरात उतरली. अलगद उतरली. कुणाला लागलं नाही. कोंबडी तेवढी पळाली.

जीपचा मालक आला. म्हणाला, अफू खाऊन गाडी चालवतोस. मी म्हणालो, नाही हो, आज खाल्ली नाही म्हणून असं झालं. हे बोलायला नको होतं. चावी घेतली त्याने.

तशीही जीप सोडायचीच होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डबी दिली. आता लघवीत काही नाही. पोटातही काही नाही, खायची भीती वाटते. काल मावशीने भाजी वाढली तर मी विचारलं, मसाल्यात काय काय आहे. तिने वाटी उचलून नेली. तिलाही वाईट वाटलं असणार, बिचारीने चांगल्या मनाने सांगितलं होतं.

भारती मॅडम म्हणाल्या, अहो, निजा जरा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वीटभट्टीच्या मुकादमाचा टेम्पो आला. रिपोर्ट नाही आला. सुनिताने भांडी बांधली, कोंबड्या शेजारी दिल्या. सासरे पुढे ड्रायव्हरपाशी बसले होते. मला बघून त्यांनी मागे पोती सरकवून जागा करायला सांगितली.

प्रतिक्षाने दप्तर घेतलं. मी म्हटलं, राहू दे गं, आठवडाभरात परत यायचं आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि दप्तर गोधडीत गुंडाळून घेतलं.

मी फक्त त्यांना पोचवायला चाललो आहे. फोन लागावा म्हणून नंबर दिपिका मॅडमना परत दिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार, वसईकडे

एक-दोन दिवस हातभार लावून निघतो. चिखल कालवणं म्हणजे क्लच-ब्रेकचंच काम, पायांचा अंदाज लागतो. संध्याकाळी पाय उचलेनात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी फोन आला. चिखलाच्या हातांनी घेतला, पडदा दाबला जाईना, प्रतिक्षाने तिच्या फ्रॉकला पुसून लावून दिला.

निगेटिव्ह.

दिपिका मॅडम अभिनंदन म्हणाल्या. मग म्हणाल्या, साहेब विचारतात, एक पॉझिटिव्ह, एक पातळ, एक निगेटिव्ह, यातला खरा माणूस कोणता धरायचा. बसचं थांबवून ठेवता येत नव्हतं, उमेशला परमनंट केलं. तो वेळेवर येतो म्हणाल्या. वर्दी त्याला बरोबर झाली.

फोन ठेवला. सुनिताला हाक मारून सांगितलं, मी निगेटिव्ह आहे. ती म्हणाली, मला ठाऊकच होतं की रे. आणि विटांचा साचा पुढे केला. प्रतिक्षा पलीकडच्या रांगेत विटा वाळायला उलटत होती. मोजताना चुकली की पाढा पहिल्यापासून म्हणते.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत ट्राय करीन. आधीच विचारून घेईन, काय काय तपासता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी

काल जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी पेला भरला. स्वतः घोट घेतला आणि माझ्यापुढे धरला. चंदूच्या सोयरिकीचा राहिलेला घोट, एवढंच म्हणाले. मी दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

पुढचं आठवत नाही. सुनिता सांगते, पेला तोंडाला लागायच्या आधीच मी बसल्या जागी कलंडलो, तिने हातातून काढून घेतला, थेंबही गेला नाही पोटात. खीर नाही, मोहाची नाही. पडल्या पडल्या झोप लागली, आणि भट्टीचा भोंगा झाला तेव्हा पोरीने हलवून उठवलं.