खिशातला हात

एंडिकॉट,
९ ऑक्टोबर २०१२

प्रिय डेल,

आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुढचं गवत वाढलंय. रविवारी सळीवर मांसाचे स्पीडी भाजले होते, तुझ्या वाटचे उरले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझ्या भावाचं, एव्हरेटचं वेड तसंच आहे. कारखाना सुटला, पण तिथे बनलेली मेनफ्रेम संगणकांची जुनी, पडदा आणि कीबोर्डवाली टर्मिनलं तळघरात येतातच. परवा एका विमा कंपनीच्या गोदामातून आणखी एक आलं. वर्षानुवर्षं एकच मजकूर दिसत राहिल्याने ‘आपले नाव टाका’ ही अक्षरं काचेवर कायमची भाजली गेली आहेत. बंद असतानाही दिसतात. मला तिकडे बघवत नाही.

तू त्याच्या एका टर्मिनलचा कीबोर्ड विकलास, त्यावरून तो अजून धुमसतोय. मुंडकं विकलं आणि धड ठेवलं, म्हणतो. एवढ्यासाठी सख्ख्या भावांनी दोन वर्षं अबोला धरायचा, म्हणजे कमाल आहे तुम्हा दोघांची.

लिहायचं होतं ते वेगळंच. पडद्याच्या नळीपाशी काम करताना डावा हात खिशात, ही तुमची कारखान्यातली शिस्त. विजेचा झटका बसलाच तर छातीतून आरपार जाऊ नये म्हणून. एव्हरेटचा हात हल्ली सतत खिशात असतो. जेवताना, चर्चमध्ये, बँकेतसुद्धा. मी थट्टाही केली. मग एकदा त्याला शर्टाची बटणं लावताना पाहिलं. दोन्ही हात थरथरतात, डेल. डॉक्टरांचं नाव काढलं की तो उठून तळघरात जातो.

आता एका हातात पेचकस ठरत नाही, म्हणून दुसरा हात बाहेर काढून तो मनगट धरतो. नळीत साठलेली वीज पेचकस लावून उतरवायचं काम नेहमी तू करायचास. काल त्याने हे नवं टर्मिनल चालू करून पाहिलं, पडदा नीट उमटेना. आज तो ते उघडणार म्हटल्यावर मी घाबरून त्याची वायरच कापली. तो रागावलासुद्धा नाही.

हसून म्हणाला, "वायर कापून काय होणार, वेडे? वीज आतच बसलेली असते."

तू ये. कीबोर्ड आणू नकोस, माफी मागू नकोस, नुसता ये. मला फार भीती वाटते. शनिवारी कारखान्यातली जुनी मंडळी येणार आहेत, त्यांना ते चालू करून दाखवल्याशिवाय हा ऐकायचा नाही.

आत्ताच खालून हाक आली. "लोर्ना, जरा ये गं. एक हात कमी पडतोय. पेचकस तू धर, मी सांगतो कुठे लावायचा ते."

मी नाही म्हटलं तर तो एकटाच करेल. हे पत्र पेटीत टाकते आणि खाली जाते. माझ्या या झग्याला खिसा नाही.

तुझी वहिनी,
लोर्ना