कडी काढलेली गिनी

अण्णा, गेल्या महिन्यात सावर्ड्याचे एक मास्तर त्यांच्या आजीची गिनी घेऊन आले, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, कारण सांगण्यासारखं होतं ते सगळं माझ्या कौतुकाचंच होतं आणि स्वतःचं कौतुक करणारं माणूस तुम्हाला कधी आवडलं नाही. आता मुंबई-पुण्याचे संग्राहक आपली विलायती सोन्याची नाणी माझ्याकडे पाठवतात. मी खरी म्हटली तर खरी, खोटी म्हटली तर खोटी. रत्नागिरीतली फटकळ बाई म्हणून माझी ओळख आहे आणि मला तिचा अभिमान होता, हेही लिहून टाकते.

नाण्यांचं हे वेड तुम्हीच लावलंत. आपल्या स्वयंपाकघरात आईच्या पाट्यापुढे तुम्ही मला डोळे मिटून बसवलं होतं, तो दिवस मला अजून दिसतो. आई वाटण काढून घेते, पाटा पुसते आणि कुरकुरते, "बापलेकीचा खेळ झाला की सांगा, माशांना मसाला लागायचाय." तुम्ही एकेक नाणं पाट्यावर सोडता. तांब्याचं, चांदीचं, मग कुणा गिऱ्हाइकाची गिनी. तिचा आवाज बारीक आणि लांब. मी ओळखते. मग तुम्ही ती तळहातावर ठेवून दाखवता, एका अंगाला राणीचा चेहरा, दुसऱ्या अंगाला घोड्यावरचा वीर आणि टापांखाली अजगर. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांत ही नाणी होती. बोटीवर गेलेले पुरुष बंदराबंदरांतून आणायचे, आणि तुम्ही त्यांना वरच्या बाजूला डाख लावून, झाळून कडी बसवायचात, म्हणजे बायकांना ती काळ्या मण्यांच्या शेजारी ओवता यायची.

त्यांतल्या एखादीचा नवरा गेला की तीच बाई पुन्हा यायची. गळ्यातलं उतरवलेलं असायचं. गिनी मोडवत नाही आणि घालताही येत नाही, तेव्हा "कडी तेवढी काढा" म्हणायची. तुम्ही काही न विचारता काढायचात. नुसती काढायचात असं नाही. डाखाचा टिपूस घासून टाकायचा, आणि एकाच जागी घासलं तर दिसेल म्हणून सगळी कड फिरवून फिरवून उजळायची, कडेवरच्या उभ्या रेघांचे बुजलेले कंगोरे बारीक कोरणीने हाताने पुन्हा पाडायचे. एकदा मी विचारलं होतं, एवढी मेहनत कशाला. तुम्ही म्हणालात, "डबा उघडलान की तिला दरवेळी ती जागा दिसता नये गो." मी तेव्हा शाळेत होते. ऐकलं आणि विसरले. हे विसरणंच पुढे नडलं.

मग मी तीन वर्षं मुंबईला जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे शिकायला राहिले. परत आले ती भिंग आणि नाजूक काटा घेऊन, आणि नाक जरा वर करून. तुम्हाला सांगितलं, अण्णा, तुमची कसोटी फक्त सोनं सांगते. आता अशा गिन्या निघाल्यात की सोनं पुरेपूर बावीस कॅरेटचं, पण टांकसाळीचं तोंडसुद्धा न पाहिलेलं. तुम्ही हसून म्हणालात, "मग तू नाणं बघ, मी सोनं बघतो." दुकानात माझ्यासाठी खिडकीजवळ वेगळा पाट मांडलात.

दाभोळच्या एक काकी गिऱ्हाईक म्हणून आल्या त्या दिवशी तुम्ही संगमेश्वरला कुणाच्या तरी बाराव्याला गेला होतात. सोबत त्यांच्या लेकीची होणारी सासू. लेकीच्या गळ्यात घालायला काकींनी गिनी काढली होती आणि विहीणबाईंना ती पारखून हवी होती. काकी बसल्या आणि आपणहून बोलू लागल्या, "ह्यांनी एडनवरून पाठवलीनी. मागनं तापानं गेले तिकडंच. दीर म्हणायचे, त्यानं तिकडं दुसरं घर केलान. मी म्हटलं, करू देत की. घर केलेला माणूस बायकोला गिनी कशाला पाठवील?" हे सांगताना त्या विहिणीकडे बघत होत्या. मी भिंगातून बघत होते. वजन थोडं कमी. कडेचे दाणे सगळे बुजलेले. कंगोरे कमीजास्त, काही तर तिरके. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी मी कडेवरून नाण्याची केली, आणि तीसुद्धा मोठ्याने.

"ही खोटी आहे."

विहीणबाई पुढे वाकल्या. मी त्यांना समजावून सांगितलं, सोनं खरं आहे, नाणं खोटं आहे, असल्या गिन्या परदेशात चोरून पाडतात. किती माहिती होती माझ्याकडे. काकींनी गिनी तळहातावर उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "बंदरात जल्म गेला त्या माणसाचा. त्याला खरी-खोटी कळत नसंल व्हय?" कुणी तुमच्या यजमानांनाच फसवलं असेल, एवढं एक वाक्य मी बोलू शकले असते. मी म्हटलं, "ते मला कसं सांगता येईल?" विहीणबाई म्हणाल्या, सोनं खरं आहे ना, मग आमचं काही म्हणणं नाही. काकींनी गिनी रुमालाच्या गाठीत बांधली आणि दोघी उठल्या. विहीणबाईंचं समाधान झालं होतं, म्हणून मलाही वाटलं की काम चोख झालं.

संध्याकाळी तुम्ही आलात आणि मी फुशारकीने सगळं सांगितलं. तुम्ही हातपाय धुवायला निघाला होतात, ते दारातच थांबलात. "दाभोळची? उंच, कपाळावर व्रण? कडी होती काय आधी, विचारलंस तिला?" मी म्हटलं, कडी असती तर डाख दिसला असता. तुम्ही म्हणालात, "मी काढलेली कडी दिसत नाय." आणि मी हसले, अण्णा. म्हटलं, तुम्हाला सगळ्यांचंच खरं वाटतं, बाई रडायला लागली की तुमची कसोटी विरघळते. सोनाराने कान टोचले की दुखत नाही म्हणतात, पण त्या दिवशी सोनाराच्या लेकीने सोनाराचेच टोचले. तुम्ही मला ओरडला नाहीत. इतकंच म्हणालात, "भिंग लावायच्या आधी माणसाला विचारावं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तुम्ही गेलात. खाडी ओलांडून दाभोळला पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर आली असतील. काकींनी आदल्या दिवशीच, घरी जाताना वाटेत चिपळूणला, गिनी मोडीत घातली होती. लेकीला त्या सोन्याच्या पाटल्या होणार होत्या. तुम्ही त्यांना सांगितलंत की गिनी खरी होती, कडी मीच बसवली होती, मीच काढली आणि कडही मीच घासली. त्यावर त्या काय म्हणाल्या ते तुम्ही आम्हाला जेवताना सांगितलंत, भाताकडे बघत. "अण्णा, तुमी देवमाणूस. पण मला पोरीसारखी समजावू नका. तुमची लेक खरं बोलली." आईने विचारलं, मग आता? तुम्ही म्हणालात, आता दाखवायला काय राहिलंय. त्यांनी नवऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरवला होता, हेही तुम्ही सांगितलंत, पण फार हळू. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, बरोबरच आहे, अण्णा गोड बोलायला गेले आणि बाईने ओळखलं. इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते.

त्यानंतर तुम्ही काढलेल्या कड्यांची खूण दिसू लागली. डाखाचा फिकट ठिपका तसाच सोडायचात, कड घासायची नाही, कंगोरे पाडायचे नाहीत. बायका आपसात म्हणायच्या, अण्णांचा हात गेला आता. मलाही वाटलं, डोळे थकले. तुम्हाला चष्मा बदलून आणायला लावला मी. तुम्ही मुकाट्याने बदललात.

मास्तरांच्या गिनीची कडही काकींच्या गिनीसारखीच होती, बुजलेली, हाताने पाडलेले कंगोरे. आजोबा गेल्यावर आजीने रत्नागिरीच्या सोनाराकडून कडी काढून घेतली, असं ते बोलता बोलता म्हणाले, नाहीतर मी पुन्हा तोच निकाल लिहिला असता. मग मी ती नव्या यंत्राखाली ठेवली, त्यात कड तळहाताएवढी मोठी दिसते. वरच्या बाजूला केसाहून बारीक अशी डाखाची रेघ. कोरणीचे सगळे घाव एकाच अंगाला कललेले, डावऱ्या हाताचे. आपल्या पेठेत डावखुरे सोनार तुम्ही एकटेच. आणि आतलं नाणं, अण्णा, अगदी खरं. राणीच्या केसाची बट न् बट जागेवर. काकींच्या गिनीवर मी खोटं म्हटलं ते तुमच्याच हाताचं काम होतं. मास्तर समोर बसलेले होते म्हणून मी डोळे भिंगावरच ठेवले.

दुसऱ्या रविवारी मी दाभोळला गेले. काकी आहेत. खूप म्हाताऱ्या झाल्यात, ऐकू मात्र नीट येतं. पडवीत कोळंबी सोलत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं, गिनी खरी होती ते सांगितलं, चूक माझी ते सांगितलं. मास्तरांच्या गिनीच्या कडेचे फोटो फोनवर काढून नेले होते. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपराने मला जवळ सरकवलं, हात ओले होते ना. म्हणाल्या, "बापाचीच लेक गो तू. त्यांनीबी येवढ्या लांब येऊन हेच सांगितलानी व्हतं. आता माझे किती दिवस राहिले, बोलून घालवू नकोस. जेवून जा." मी पुन्हा सांगितलं, शपथेवर सांगितलं. त्यांनी माझी समजूत काढली. भिंतीवर फोटो नव्हता. मी जेवले, कोळंबीचं कालवण आणि भात, आणि त्यांनी आग्रहाने दोनदा वाढलं.

जन्मात कुणाला बरं वाटावं म्हणून मी एक शब्द बोलले नव्हते. ती बाई तिच्या नवऱ्याला खोटा समजूनच जाणार, आणि मला तुमच्यासारखी भली समजून. यावर आता काहीच करता येत नाही, मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला.

हे कागद मी घडी घालून खणात ठेवणार आहे, दुसरं काय करणार. एक गोष्ट मात्र तुमच्यापाशी कबूल करायची राहिली. येताना खाडी ओलांडायच्या तरीवर मी रडले. लोकांनी जागा दिली, एकीने पाणी दिलं. त्यांना वाटलं कुणाच्या तरी मयताहून येतेय. मी काकींसाठी रडत होते असं मलाही वाटत होतं. पण खरं सांगते, त्या "बापाचीच लेक" म्हणाल्या तेव्हा मला आनंद झाला होता, अण्णा. त्यांचं एवढं आयुष्य माझ्यापायी गेलं आणि त्यांच्याच पडवीत बसून मला आनंद झाला होता.