यानात कोणी पळत नाही

नाना, गेल्या महिन्यात आमच्या मालिकेचा चौथा भाग आला आणि नाशिकरोडच्या घरी आईने तो दोनदा चष्मा पुसून पाहिला. मालिका मी लिहिलेली आहे. तिच्यात अंतराळयान आहे, यानाला कंट्रोल रूम आहे, आणि तुम्ही असतात तर पहिल्याच मिनिटाला तिच्यात काहीतरी खोट काढली असती. म्हणून लिहायला बसले.

एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी अंतराळातली ती जुनी मालिका लागायची, तेव्हा शेजारची सात-आठ पोरं सतरंजीवर ठाण मांडून बसलेली असत. यान पुठ्ठ्याचं, तारे म्हणजे काळ्या पडद्याला पाडलेली भोकं, आणि परग्रहावरच्या माणसाच्या डोक्यावर चक्क आपल्या स्वयंपाकघरात होती तसली चाळणी. आम्हाला त्याचं काही नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. तुमची तक्रार एकच. लाल दिवा लागला की यानातले सगळे सैरावैरा धावायचे, एकमेकांवर आपटायचे, आणि भोंगा आपला वाजतच राहायचा. तुम्ही वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधले ऑपरेटर, तुम्हाला ते बघवायचं नाही. चहाची बशी हातात धरून तुम्ही पडद्याला सांगायचात, "पळून काय होणार हाय? आधी भोंगा बंद करा, मग काटा बघा." पोरं खिदळायची. एका रविवारी मला ते सहन झालं नाही. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "नाना, तुम्हाला बॉयलरमधलं कळतं. हे अंतराळ आहे." तुम्ही बशी घेऊन स्वयंपाकघरात गेलात. पुढचे सगळे भाग तुम्ही तिथूनच, चौकटीला टेकून पाहिलेत.

रागावला मात्र नाहीत. पुढच्या सुट्टीत घरच्यांना केंद्र बघायची परवानगी मिळाली, तेव्हा मला स्कूटरवर बसवून घेऊन गेलात. अजून डोळ्यांसमोर आहे. भिंतभर मीटर, प्रत्येकाला थरथरता काटा. एवढ्यात मीटरांच्या वरची इशाऱ्याच्या दिव्याची एक खिडकी लाल होते आणि भोंगा वाजायला लागतो. मी दाराकडे बघते. तुम्ही एक बटण दाबता, भोंगा थांबतो. मग मीटरच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक करता, आकडा मोठ्याने वाचता, शेजारचे काका तोच आकडा परत म्हणतात, आणि मगच तुमचा हात स्विचकडे जातो. तेवढ्या वेळात खोलीतलं कोणी खुर्चीतून उठलंसुद्धा नाही. परतताना मी मागे बसून माफीचं वाक्य जुळवत होते. घर आलं तरी ते तोंडातून निघालं नाही.

आताच्या मालिका तुम्ही बघायला हव्या होत्या. तारे इतके खरे दिसतात की आई विचारते, हे शूटिंग नेमकं कुठे झालं. बटणं गेली, काटे गेले, सगळा काचेचा कारभार. उजेड मात्र इतका कमी की एवढ्या अंधारात हे लॉगबुक कसं लिहितात, असं तुम्ही नक्की विचारलं असतं. दहा-दहा भाग होतात आणि यानात कोणी एकदाही हसत नाही. पुठ्ठ्याच्या यानातली माणसं वेंधळी होती, पण जेवायच्या वेळेला घरी परत येऊ याची त्यांना खात्री असायची. त्यासाठी ती मला अजूनही आवडतात. एक गोष्ट तेवढी इतक्या वर्षांत बदलली नाही. भोंगा वाजला की सगळे पळतातच.

आमच्या दिग्दर्शकालाही तेच हवं होतं. मी दोन दिवस भांडले, काचेच्या त्या पॅनेलवर हट्टाने एक काटेवाला मीटर बसवून घेतला. आता आमची कप्तान बटण दाबते, भोंगा थांबतो, ती काचेवर दोनदा टकटक करते, आकडा वाचते आणि सोबतचा तो परत म्हणतो. कोणी पळत नाही. लोक सगळ्यात जास्त त्याच प्रसंगाबद्दल लिहितायत, की कोणी पळालं नाही म्हणूनच जास्त भीती वाटली. आणि आई ती टकटक ऐकून म्हणाली, "अगं, हे तर तुझे नाना." नाना, मला फार अभिमान वाटला. माझा नव्हे, तुमचा. तुम्हाला अंतराळातलंही कळत होतं.

पण त्या दिवशी सेटवर दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, हे तुला सुचलं कुठून. मी सांगितलं, एका पुस्तकात वाचलं. माझे वडील ऑपरेटर होते, एवढे चार शब्द पुरले असते. का बोलले नाही, मला खरंच माहीत नाही. सतरंजीवरची ती मुलगी अजून पुरती उठलेली नसावी. दुसऱ्या पर्वाच्या नामावलीत माझं पूर्ण नाव द्या, असं मी कळवलंय. पहिल्या वेळी मधलं तुमचं नाव मीच गाळलं होतं.

हे कागद तुमच्या जुन्या डायरीत ठेवते. दिग्दर्शक परवा पुन्हा त्या पुस्तकाचं नाव विचारत होता. मी म्हटलं, आता ते मिळत नाही.