उठून उभं राहिल्याशिवाय न थांबणारा ट्रॅक्टर

वेस्ट हॅडली, व्हरमाँट
चिखलाचा तिसरा आठवडा, सोमवार

आदरणीय ऑरिनमामा,

फ्लोरिडाच्या उन्हात तुमचे गुडघे बरे असतील, रक्तातली साखर डॉक्टरांनी आखून दिलेल्या रेघेच्या आत असेल आणि चष्मा अजून सापडला नसेल, असं धरून चालते. म्हणजे हे पत्र लोइसमामीच मोठ्याने वाचून दाखवत असणार. मामी, तुला आधी नमस्कार. कंबर कशी आहे? तिथल्या बायका पत्त्यांमध्ये अजून लबाडी करतात का? एकच विनंती, इथून पुढे सगळं यंत्राबद्दल आहे, तुला कंटाळा येईल. तेव्हा शेजारून कुणाचा तरी चष्मा आण आणि पत्र मामांच्या हातात दे. (वाचतेच आहेस ना? बरं. मी आपलं सांगायचं काम केलं.)

मामा, आधीच सांगते, ट्रॅक्टर ठीक आहे. म्हणजे आता ठीक आहे. हे वाक्य दोनदा वाचा आणि मगच पुढे चला, मधे उठून येरझाऱ्या घालू नका. (मीच घालते आहे. या पत्राच्या एवढ्या ओळींत चार वेळा उठले.) नोव्हेंबरात जाताना तुम्ही दारात उभं राहून जे बोललात, ते मला पाठ आहे: 'हॅटी, जिला एक यंत्र सांभाळता येत नाही तिला आठशे झाडं काय सांभाळता येणार? एप्रिलात येईन, ट्रॅक्टर चालवून बघीन आणि मग ठरवीन, मेपलची राई नि गुऱ्हाळ तुझ्या हातात द्यायचं की झाडांना नळ्या लावून रस ओढणाऱ्या त्या कंपनीला.' वर दोन नियम. एक, एमरी पिंगरीला ट्रॅक्टरला हात लावू द्यायचा नाही, कारण बारा वर्षांपूर्वी तो दगड ओढायला घेऊन गेला आणि परत दिल्यावर आठवड्यात पेडल अडायला लागलं. दोन, मामीच्या आईच्या चांदीच्या चमच्यांना हात लावायचा नाही, कारण बारा होते ते अकरा झाले, तेही त्याच वर्षी, चर्चच्या जेवणानंतर, आणि त्या दिवशी भांडी विसळायला एमरीची बायको एडना होती. (यावर मी तेव्हाही काही बोलले नाही, आत्ताही बोलत नाही. थोड्या वेळाने बोलेन.)

तर मार्चचा पहिला आठवडा. रात्री गोठण, दिवसा ऊन, झाडं अशी पाझरायला लागली की बादल्या बदलता बदलता माझे खांदे निखळायची वेळ आली. रस आणायचा, पाक होईपर्यंत उकळायचा, फेस वर आला की लोण्याचा थेंब टाकायचा, परत रस आणायला पळायचं. जेवायला वेळ नाही. म्हणून मी एक शहाणपणा केला. तयार पाकाची बरणी पायाशी ठेवून ट्रॅक्टर चालवला. (नुसती ठेवून नाही. डोनट बुडवून.) वरच्या वळणावर खड्डा आला आणि बरणी आडवी झाली. पाऊण बरणी गरम पाक, पायाखालच्या पत्र्यावरून, पेडलच्या फटीतून, खाली. एवढी नासाडी बघून मला रडू आलं, पण ते फक्त पाकासाठी. पेडलचा विचारही मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी पुढचं पेडल दाबलं, ट्रॅक्टर निघाला. पाय काढला, ट्रॅक्टर निघालेलाच.

तुम्हाला मी काय सांगणार, पण मामी ऐकते आहे म्हणून सांगते: या ट्रॅक्टरला गिअर बदलायची भानगड नाही. पाय दाबला की चालतो, पाय उचलला की पेडल आपलं आपण वर येतं आणि तो थांबतो. त्याचं सगळं शहाणपण त्या वर येण्यात आहे. ते वर येईना. ब्रेक दाबावा तर ट्रॅक्टर दात खातो, थरथरतो आणि तरी रेटतोच. मी गुऱ्हाळाच्या दाराकडे चाललेय, दार बंद, मी ओरडतेय, आणि घाबरून उठून उभी राहिले. गप्प. इंजिन बंद. सीटवरून माणूस उठलं की यंत्र बंद पडतं, ही सोय कुणी केली असेल त्याच्या मुलाबाळांना उदंड आयुष्य लाभो.

मामा, पुढचे तीन आठवडे मी ट्रॅक्टर असाच थांबवला. उठून उभं राहून. रस्त्याकडेच्या झाडांचा रस आणायला गावातून जावंच लागतं. दुकानापाशी थांबायचं, उठून उभी. टपालवाली समोर आली, उठून उभी. म्हाताऱ्या मिस्टर गेजची अंत्ययात्रा चर्चमधून बाहेर पडत होती, मी थेट तिच्यात घुसायच्या बेतात, काय करणार, ताठ उभी राहिले. इंजिन बंद, सगळीकडे शांतता. मिसेस गेज रडत रडत माझा हात धरून म्हणाल्या, 'ऑरिनच्या घराण्यात एवढी रीत कुणाला नव्हती हो.' त्यानंतर गावात बातमी पसरली की कॉलेजात जाऊन पोरगी सुधारली. दुकानासमोरच्या बाकावर ते तिघे म्हातारे बसतात ना, आता मी आले की तेही गुडघे धरून उठतात, टोप्या काढतात. मी उभी, ते उभे, कुणालाच कळत नाही आधी बसायचं कुणी. आणि मला घाई, उकळत्या कढईवर माणूस नाही!

दुरुस्तीचे प्रयत्न केले नाहीत असं समजू नका. आधी रबरी चटई काढली, ती पेडलखाली जाते म्हणतात. गेली नव्हती. मग वेग धरून ठेवायची ती दांडी हलवून पाहिली. ढिली होती. मग स्प्रिंग तपासली, ठणठणीत. विक्रेत्याला फोन केला, तो म्हणाला यंत्राचं पोट उघडावं लागेल, मे महिन्यात आणा. मग तेल. जे तेल मिळेल ते. गंजाचं तेल, शिवणयंत्राचं तेल, डिझेल, टपालवालीच्या नवऱ्याने दिलेला कसलासा फवारा. पत्रा असा चकचकीत झाला की माझा पायच घसरायला लागला, पेडल मात्र तिथेच. शेवटी आपल्या जज कुत्र्याचा पट्टा काढून पेडलला बांधला आणि दर वेळी ओढून वर घ्यायला लागले. ट्रॅक्टर पट्ट्याला आणि कुत्रा मोकाट. बाकावरचे म्हातारे म्हणाले, 'काय गं, चावतो का?'

आणि जज, मामा, तुमचा तो लाडावलेला कुत्रा, रोज सकाळी येऊन पेडल चाटायचा. जीभ फटीत घालून, डोळे मिटून, अर्धा अर्धा तास. मला वाटलं म्हातारपणी त्याला तेलाची चटक लागली. पुरावा रोज समोर चाटला जातोय आणि चार वर्षं शिकलेली बाई बघत उभी.

परवा तुमचा फोन आला की रविवारी पोचतो, पोचल्या पोचल्या ट्रॅक्टर बघतो. मी फोन ठेवला, दोनदा गुऱ्हाळाभोवती फेरी मारली आणि एमरीकाकांकडे गेले. हो. नियम एक मोडला. त्यांच्याइतका या यंत्राचा जाणकार या भागात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर तुम्ही त्यांच्यावर एवढे चिडता. एमरीकाका आले, पण हात लावेनात. खिशात हात घालून भोवती फिरले.

'ऑरिनने मला बंदी केलीय ना?'

'रविवारी मामा येणार आहेत, काका.'

'ऑरिन आणि हा ट्रॅक्टर एकाच साच्यातले. एकदा चुकीच्या दिशेने निघाले की पाय उचलला तरी थांबत नाहीत.' मग जजकडे पाहिलं. खाली वाकले, फटीत बोट घातलं, वास घेतला, चाखलं. (चाखलं!) 'तेल किती दिवस घालतेस?'

'तीन आठवडे.'

'आणि कढई कशाने धुतेस?'

'गरम पा...'

मामा, आपल्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल की पाक तेलाने सुटत नाही, गरम पाण्याने सुटतो. आपण सगळे आयुष्यभर कढया गरम पाण्याने धुतो. पण ट्रॅक्टर म्हटलं की आख्ख्या गावाचा हात तेलाच्या डब्याकडे. एमरीकाका हसत सुटले, ते धाप लागेपर्यंत. मग दोन किटल्या पाणी उकळलं, पत्रा काढला, पेडलचा दांडा जिथे फिरतो तिथे ओतत गेलो. माझा पाक सोनेरी ओघळ होऊन निघाला. त्याच्याखाली आणखी एक थर होता. जुना. काळा, डांबरासारखा कडक. तिसऱ्या किटलीला तोही सुटला, आणि त्याच्या पोटातून, दांड्याला आडवा अडकलेला, एक चांदीचा चमचा बाहेर आला.

एमरीकाका तेव्हा हसले नाहीत. चमचा बाहीला पुसून उजेडात धरला. बारा वर्षं ते एकच सांगत होते, मी ट्रॅक्टर नेला तेव्हाच पेडल अडत होतं. मग एवढंच म्हणाले, 'एडनाला दाखवून येऊ का?'

मामा, बारा वर्षांपूर्वी, ज्या वर्षी डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलं, त्याच वर्षी तुम्ही दिवसातून चार वेळा 'झाडं बघून येतो' म्हणून ट्रॅक्टर काढायचात, हे मला आठवतं. मी दहा वर्षांची होते. मला वाटायचं मामाचं झाडांवर केवढं प्रेम. मी तुम्हाला दोष देत नाही. मी डोनट बुडवला, तुम्ही चमचा बुडवलात. खोड घराण्याची आहे.

दांड्याला ग्रीस भरलं, पत्रा बसवला. पाय उचलला की पेडल टुणकन वर येतं. बारा वर्षांत आलं नसेल असं. माझी मात्र सवय जात नाही, बाकापाशी अजून उठून उभी राहते.

रविवारी सांभाळून या, रस्ते अर्धे वाहून गेलेत.

तुमची आज्ञाधारक (एक नियम सोडून),
हॅटी

ता. क. एमरीकाकांसाठी एक पेटी संत्री आणा. टपालाने नको, गाडीतून. आणि आधी त्यांच्या दाराशी थांबा, मग घरी या.

ता. क. दुसरा. राईचं काय ते तुम्हीच ठरवा, माझा काही आग्रह नाही.

ता. क. तिसरा. मामी, तू एक शब्दही गाळला नाहीस, मला माहीत आहे. आता जरा मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. झालं बघून? चमचा गुऱ्हाळाच्या खिडकीत आहे, यंदाच्या पाकाच्या नमुन्याच्या बाटल्यांची रांग लागलीय ना, तिच्या शेवटी, घासून पुसून. एडनाकाकू काल येऊन त्याच्याकडे बघून गेली. फक्त तू कधी येतेस ते विचारलं, दोनदा. राईबद्दल ते अजून विचारच करतो म्हणत असतील तर आज रात्रीच्या जेवणानंतर तू बोल. आज ते तुला नाही म्हणणार नाहीत.