थोंगबायला हाका मारू नका

१६ मे
मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, कुठून निघाली नि कुठे चालली काही कळत नाही. क्राते अकरा वर्षांची आहे. खोटं लिहिलंस तरी मला कळायचं नाही, पण तुझा कान माझ्या हाताशी आहे, असं मी तिला बजावलं. तेही तिनं लिहून टाकलं.

आज नव्या गावी आलो. शाळेच्या स्वयंपाकघरात मला काम मिळालं. दोनशे पोरांचा चिकट भात बांबूच्या टोपल्यांत वाफवायचा. राहायला खांबांवरचं लाकडी घर, पुढे कमळांचं तळं, तळ्यापलीकडे शाळा. एवढं बरं असतं तर माणसं मरतात कशाला, असं मी म्हटलं. क्राते हसली नाही. तिची आई, माझी लेक थोंगबाय, दोन वर्षांपूर्वी मासे धरताना धरणात बुडाली. बाप त्याआधीच दुसरीकडे नांदायला गेला होता. थोंगबाय डावरी. जेवताना तिचं कोपर शेजारच्याला लागायचं. मी तिला खेकडा म्हणायची. क्राते मात्र उजव्या हाताची.

१९ मे
क्रातेच्या वर्गाच्या ओरताय बाईंनी नव्या मुलीची ओळख करून देताना आईबापांची नावं मोठ्यानं वाचली. झालं. आपल्याकडे पोराला चिडवायला शिवी लागत नाही, आईचं नाव घेतलं की पुरतं. सरपंचाची प्लायफा म्हणून मुलगी आहे, तिनं सुरुवात केली. थोंगबाय, फळा पूस. थोंगबाय, नाक शिंकर. संध्याकाळपर्यंत अख्खा वर्ग.

क्राते रडत आली. मी म्हटलं, अगं, आम्हीही लहानपणी हेच केलं. तू हस, म्हणजे ती थकतील. मला गंमतच वाटली. फक्त पाण्यात गेलेल्या माणसाचं नाव कुठल्याही पाण्याकाठी घेत नाहीत, ते शाळेला कोण सांगणार.

३० मे
थकली नाहीत. तिचा डबा लपवतात. चपला दोनदा तळ्यात सापडल्या. शेजारी कुणी बसत नाही. जेवणाच्या रांगेत प्लायफा मला म्हणाली, थोंगबायच्या आई, थोडं जास्त वाढ. मी म्हटलं, पोरी, तुझी जीभ चटणीत बुडवली तर मला मिरची घालायला नको. सगळी हसली. दुपारी त्याचा वचपा क्रातेच्या पाठीवर निघाला. पाच वळ मोजले. दोष माझ्या जिभेचा.

बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, आजी, पोरांचे खेळ असतात, त्यानं मूल घट्ट होतं. तरी सकाळी झेंड्यापुढे सगळ्यांना हात जोडून माफी मागायला लावली. प्लायफानं हात जोडले आणि हळूच म्हणाली, माफ कर, थोंगबाय. बाईंना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

१२ जून
आज गुरुपूजनाचा दिवस. क्रातेनं केळीच्या पानाचं तबक केलं होतं, वांग्याची फुलं, दूर्वा, सगळं माझ्या देखत. पोरांनी ते तुडवलं. मग तिला तळ्यात ढकललं आणि काठावर उभं राहून नाव घेत राहिली. कमरेएवढंच पाणी, पण ती बाहेर आली ती रिकामी. डोळे उघडे, आत कुणी नाही. बोलत नाही. भाताचा गोळा मुठीत तसाच. सांगेन ते लिहिते, एवढंच.

तिचा जीव घाबरून पाण्यात पडला. नऊ दिवसांत उचलला नाही तर पाणी धरून ठेवतं.

१५ जून
जीव जिथे पडला तिथेच मासे धरायच्या जाळीनं उचलायचा. सोबत उकडलेलं अंडं, भाताचा गोळा, आलेला जीव बांधून ठेवायला मनगटाला सूत. हाक एकाच नावाची, बाकी सगळं गप्प. मी बाईंना हात जोडले, एवढी घटका पोरांना वर्गात ठेवा. त्या हसून हो म्हणाल्या आणि पोरांना घेऊनच बघायला आल्या. जुन्या चालीरीती मुलांनी पाहाव्यात, म्हणे.

मी हाक मारली, क्राते, घरी ये. समोरून चाळीस तोंडं, थोंगबाय, घरी ये. तीनदा मी, तीनदा ती. बाई हसत होत्या.

जाळी जड लागली. मला वाटलं, वय झालं.

१६ जून
जेवली. तीन वेळा मागून घेतलं. मुरवलेले मासे, हिरवी मिरची, जे कधी तोंडाला लावत नव्हती ते सगळं. मी देवाला फुलं वाहिली.

१८ जून
जेवताना तिचं कोपर मला लागलं. मी म्हटलं, खेकडा झालीस की काय. ती हसली. मग मी पाहिलं, घास डाव्या हातात होता. लेखणीही.

आज पोरांनी थोंगबाय म्हणून हाक मारली तर तिनं ओ दिली. शांतपणे, अगदी मोठ्या बाईसारखी. पोरं मागे सरली. इतके दिवस हेच हवं होतं ना मला.

१९ जून
प्लायफा तापानं फणफणली आहे. म्हणते, तळ्यातून कुणीतरी हाक मारतं. आवाज क्रातेचा—

मी भर दुपारी काठावर गेले. कमळाच्या पानांखालून, अगदी बारीक, आजी.

२० जून
उद्या नववा दिवस. ज्यांनी भिववलं त्यांनीच नाव घेऊन बोलवायचं, दुसरा उपाय नाही. बाईंनी पोरांना काठावर उभं केलं. या वेळी हसत नव्हत्या. तिला हाक मारा, म्हणाल्या. पोरांनी तोंड उघडलं आणि—

त्यांना नाव आठवेना. महिनाभर एका वर्गात बसून. बाईंनी हजेरीपट पाहिला, पण क्राते हे घरचं नाव, ते त्यात नसतं, आणि जीव घरच्या नावालाच येतो. मी सांगितलं, क्राते, क्राते म्हणा. एक मुलगा रडू लागला. बाकीच्यांच्या तोंडून निघालं ते सवयीचंच. थोंगबाय—

पाणी हललं नाही.

घरी आले तर जाळी उभी फाडलेली. मनगटावरचं सूत चुलीत.

२१ जून, सकाळ
जाळी शिवते आहे. सांगते ते ही लिहिते की तिच्या मनाचं— मला काय कळणार.

२१ जून, दुपार
मघाशी ती मला आई म्हणाली. आजी नाही. आई. दोन वर्षं हा शब्द ऐकला नव्हता. मी ओ दिली. चुकून— नाही, चुकून नाही.

ऊन कलतंय. तळ्यातून हाक येते आहे, आजी, आजी, गार वाटतंय. आणि ही वही मांडीवर धरून, लिहिता लिहिता, म्हणते, जाऊ नकोस, आई, मीही तिथे गारच होते. माझा पदर हिच्या उजव्या हातात आहे. जाळी शिवून झाली. दोघी माझ्याच. एकीला ओ दिली की दुसरी—