कमी मिठाच्या काकड्या

३ ऑगस्ट, सकाळ
गच्चीवरचा वेल काकड्यांनी लगडलाय. यंदा कच्च्या खायच्या नाहीत, सगळ्या खारवायच्या. ताई महिनाअखेरीला मुलाकडे कायमची राहायला जातेय. जाताना तुझ्या हातची एक बरणी दे म्हणाली, रिकामी बरणीही देऊन गेली. आयुष्यभर तिनंच आम्हाला खाऊ घातलं. एक बरणी म्हणजे डाव्या हातचा मळ.

४ ऑगस्ट
ताईनं फोनवर पद्धत सांगितली. पाणी उकळून गार करायचं. मग मीठ, अमुक इतकं. लिहून घेतलं नाही. त्यात काय लिहायचंय.

५ ऑगस्ट
डॉक्टरांनी बीपीसाठी मीठ अर्धं करायला सांगितलंय. म्हणून ताईच्या मापाचंही अर्धंच घातलं. जुन्या लोकांना हेल्थचं भान नव्हतं. बायको म्हणाली, बीपी तुम्हाला आहे, काकड्यांना नाही. दुर्लक्ष केलं.

९ ऑगस्ट
बरणीत बुडबुडे. वर पांढरी साय. नेटवर म्हणे हे चांगलं लक्षण. पुढचं वाचलं नाही, डोळे दुखत होते.

१४ ऑगस्ट
वास. पारंपरिक पदार्थांना वास असायचाच. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं विचारलं, तुमच्याकडे उंदीर मेलाय का. बरणी गच्चीत हलवली.

१९ ऑगस्ट, दुपार
एक काकडी बाहेर काढली. बोटांतून ओघळली. बाकीच्याही तशाच. बायको म्हणाली, ताईंना खरं सांगून टाका. कोणत्या तोंडानं सांगू? वेलावर एक काकडी शिल्लक नाही. टिकवायच्या म्हणून सगळ्या खुडल्या. दिवसभर पडून राहिलो.

२८ ऑगस्ट
दुकानातून खारवलेल्या काकड्या आणल्या, ताईच्या बरणीत ओतल्या. पद्धत तीच, हात तेवढा दुसऱ्याचा. ताईला गाडीत बसवून आलो. सगळं सामान तिनं न्यायला आलेल्या मुलाकडे दिलं. बरणी मात्र स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेतली.

२ सप्टेंबर
ताईचा फोन. काकड्या फार छान झाल्यात, मीठ अगदी बरोबर पडलंय म्हणाली. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस, असंही म्हणाली. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर रडू आलं.

संध्याकाळी
तिच्या सुनेला माझी कृती हवीय. लिहायला बसलो. पाणी उकळून गार करावं, इथवर आलोय. मीठ किती, आठवत नाही. आणि आता ताईला विचारायची सोय उरली नाही.